बिया फुकट, पण वेचणारे हात?

'रस्त्याकडेच्या करंजाच्या बिया फुकटच पडून असतात, त्यांचं बायोडिझेल करा' हे तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. आमच्या ऐरोलीतही करंजाच्या शेंगांचा खच पडतो, मान्य. पण ही शेंग आपोआप उकलत नाही. माझी आजी मुरबाडकडची. ती शेंगा वाळवून दगडाने एकेक ठेचायची, आत जेमतेम एक बी, फार तर दोन. घाण्यावरून आणलेलं ते कडू तेल दिव्याला आणि बैलांच्या जखमांना जायचं. त्या मेहनतीची मजुरी धरलीत तर 'फुकट' कुठे उरतं?

दुसरं, बियांत तेल साधारण ३० टक्के असतं हे खरं, पण ओलसर जागी पडून राहिलेल्या बियांच्या तेलात आम्लता वाढते. मग बायोडिझेल करायला गेलं की साबणच जास्त होतो, म्हणून आधी आम्ल वापरून ती आम्लता उतरवण्याची वेगळी प्रक्रिया करावी लागते. आणि इथे तर पाऊस! केंद्राच्या २००९च्या जैवइंधन धोरणात २०१७पर्यंत इंधनात २० टक्के जैवइंधन मिसळण्याचं लक्ष्य होतं, २०१८च्या धोरणात बायोडिझेलसाठी ते २०३०पर्यंत ५ टक्क्यांवर आलं, ते काय उगाच? शेंगा पावसाआधी गोळा करून कोरड्या ठेवणार कोण आणि किलोला भाव काय देणार, तेवढं लिहा.