कोणत्या कंपनीचे पेट्रोल चांगले, हा प्रश्नच अपुरा आहे

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले वर्षभर एक वाद थांबता थांबत नाही. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल कुणाचे चांगले: इंडियन ऑइलचे एक्सपी-१००, हिंदुस्तान पेट्रोलियमचे पॉवर, भारत पेट्रोलियमचे स्पीड, की शेलचे व्ही-पॉवर? एकाच्या गाडीचा पिकअप वाढलेला असतो, दुसरा ॲव्हरेजचे आकडे टाकतो, आणि तिसरा सगळे एकाच पाइपातून येते असे सांगून दोघांनाही गप्प करू पाहतो. दिवाळीआधी मी त्यात चार ओळी लिहिल्या, तेव्हा धाकट्या मावसभावाने उत्तर दिले, "दादा, तू जर्मनीत बसून आम्हाला पेट्रोल शिकवू नकोस." ते वाक्य मला लागले. तिथे चार ओळींत जे मावले नाही, ते म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, ही पहिली गोष्ट. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, तेव्हा ते आपोआप अवेळी पेटू न देता इंधन किती तग धरते, एवढेच तो आकडा सांगतो. ज्या इंजिनात दाब जास्त आहे, टर्बो आहे आणि नॉकिंग, म्हणजे हे अवेळी पेटणे, ओळखून ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा आहे, त्याला या तग धरण्याचा उपयोग होतो. मावसभावाच्या ११० सीसीच्या स्कूटरला तो होत नाही, आणि तरीही तो बरेच जादा पैसे मोजून तिच्यात १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरतो. माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत ९५ लिहिले आहे, म्हणून मी ९५ भरतो. शेजारच्याच नळीवर १०० किंवा १०२ असते, ते लिटरमागे बरेच महाग असते, आणि साध्या गाडीला त्याची गरज नाही हे आडाक ही इथली वाहनचालकांची संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे.

कंपन्यांच्या पेट्रोलमध्ये फरक नसतोच, असेही मी म्हणत नाही. मूळ पेट्रोल पुष्कळदा एकाच रिफायनरीतले असते. इथल्या कार्ल्सरूहेच्या रिफायनरीतून निघणारे टँकर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, आणि ज्याची त्याची पूरके (ॲडिटिव्ह) टँकर भरताना मिसळली जातात. इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी ही पूरके उपयोगी असतात, पण त्यांचा परिणाम हजारो किलोमीटरनंतर दिसतो. टाकी भरून पंपाबाहेर पडताच जाणवणारा पिकअप बहुतेक वेळा मोजलेल्या पैशांचा असतो.

आता भारतातील बदल पाहा. साधे पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचे होते, त्यामुळे ९५ च्या प्रीमियम पेट्रोलला काही अर्थ होता. वीस टक्के इथेनॉल आल्यावर, इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्याने, साधे पेट्रोलही ९५ पर्यंत पोहोचले. म्हणजे ९५ च्या प्रीमियमसाठी जादा पैसे देणारा आता मुख्यतः पूरकांचे पैसे देतो. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. त्यासाठी न बनलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेले आहे. माझी सासुरवाडी कोपरगावची, उसाचा पैसा वेळेवर मिळणे म्हणजे काय ते मी त्या घरात पाहिले आहे, आणि म्हणून इथेनॉलला सरसकट नावे ठेवणे मला जमत नाही. तरी हे मान्य करायला हवे की एक्सपी-१०० मध्ये इथेनॉल नसते, आणि २०२० च्या डिसेंबरात महागड्या गाड्यांसाठी आलेले ते पेट्रोल आज लोक जुन्या गाडीच्या काळजीपोटी घेत आहेत. गटावरच्या भांडणाचे खरे मूळ तिथे आहे. इथेनॉल नसलेले पेट्रोलही पंपावर मिळावे, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, आणि मग ज्याला परवडते त्याने शंभराची नळी धरली.

मी इथे आल्यानंतर तिसऱ्या वर्षी, २०११ च्या सुरुवातीला, जर्मनीत दहा टक्के इथेनॉलचे ई-१० पेट्रोल आले. लोकांनी ते घेतलेच नाही. कोणत्या गाडीला चालते याच्या याद्या निघाल्या, मार्चमध्ये मंत्र्यांना तेल कंपन्या आणि गाडी उत्पादकांची बैठक बोलवावी लागली, आणि आजही पंपावर ई-५ आणि ई-१० शेजारीशेजारी आहेत. कारखान्याच्या जेवणाच्या टेबलावर माझे सहकारी महिनाभर त्याच्यावर बोलत होते. मी त्यांच्यात बसून ऐकत होतो, आणि माझ्या डोक्यात मनमाड होते. त्याच वर्षीच्या २५ जानेवारीला, आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, तेल कंपन्यांचे डेपो असलेल्या पानेवाडीला, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनात भेसळ करणाऱ्या टोळीने जिवंत जाळले. मी त्या रस्त्याने सायकलवर शाळेत गेलो आहे. टँकरच्या त्या रांगा, ढाब्यामागचे ते पिंप, रॉकेलचा तो वास आम्हा सगळ्यांना माहीत होता. त्या टेबलावर मी यातले काहीही सांगितले नाही. कोणी विचारले असते, "तुमच्याकडे पेट्रोल कसे असते?" तर काय सांगायचे, याची मला लाज वाटत होती, आणि ती लाज वाटल्याचीही वाटत होती.

माझा मुद्दा आहे तो हा. रॉकेल मिसळले की ऑक्टेन खाली येतो, मग नळीवर ९५ लिहा की १००. जमिनीखालच्या टाकीत पावसाचे पाणी शिरले की इथेनॉल त्या पाण्याला धरून तळाशी बसते, मग फलक कुठल्याही कंपनीचा असो. शिवाय लहान गावात महागडे पेट्रोल फारसे खपत नाही, ते टाकीत जास्त दिवस पडून राहते. म्हणजे रिफायनरीत जे जमवले, ते शेवटच्या टाकीत टिकते की नाही, हा प्रश्न आधीचा आहे, आणि त्यावर आमच्या गटात कोणी एक शब्द लिहीत नाही. इथे मी ज्या पंपावर भाव कमी असेल तिथे भरतो आणि कंपनीचे नावही पाहत नाही, कारण राज्याची यंत्रणा नमुने घेते आणि मापावर शिक्का असतो. भारतातही कायदा आहे. ग्राहक फिल्टर पेपरची चाचणी (कागदावर थेंब टाकून डाग राहतो का ते पाहणे) मागू शकतो, घनता तपासायला सांगू शकतो, पाच लिटरच्या मापाने माप पडताळू शकतो. पण मागतो कोण?

गेल्या दिवाळीत मी मागितली. नाशिकच्या एका पंपावर मुलगा नेहमीसारखे "झिरो बघा" म्हणाला, आणि मी फिल्टर पेपर आणायला सांगितले. मॅनेजर बाहेर आला, मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले, आणि पंधरा मिनिटांनी कागद आला. थेंब उडून गेला, डाग राहिला नाही. पेट्रोल चांगले होते. गाडीत बसल्यावर मावसभाऊ बराच वेळ बोलला नाही, मग एवढेच म्हणाला, "दादा, तू आठ दिवसांनी जाशील. मला उद्याही इथेच यायचे आहे." आता रॉकेल मिळते तरी कुठे, असेही तो पुढे म्हणाला, आणि त्याचे म्हणणे मी ज्या वर्षी गाव सोडले त्या वर्षावरच अडकलो आहे असे होते. मी त्याच्याशी घरी पोहोचेपर्यंत वाद घातला. तो चूक आहे असे मला आजही वाटते, कारण रोज येणाऱ्याने मागितल्याशिवाय ही सवय लागणार नाही. पण रोज येणारा मी नाही, हेही त्याने बरोबर सांगितले.

वडील तीस वर्षे येवला रोडच्या एकाच पंपावर गेले. कंपनी कोणती, ऑक्टेन किती, त्यांनी कधी पाहिले नाही. मालक ओळखीचा होता, चहा व्हायचा, मग स्कूटरमध्ये पेट्रोल. तरुणपणी मी त्यांना म्हणत असे की ओळख म्हणजे तपासणी नव्हे. सतरा वर्षे मी जिथे राहतो तिथे मी नळी लावतो, आत जातो, "पाच नंबर" म्हणतो, पैसे देतो आणि निघतो. पेट्रोल दरवेळी चांगलेच असते, आणि माझे नाव तिथे कुणालाही माहीत नाही.

परतीच्या दिवशी मुंबईला निघताना मावसभावाने गाडी त्याच पंपावर घेतली. आता मालकाचा मुलगा बसतो. त्याने काचेतून पाहिले, बाहेर आला आणि म्हणाला, "सरांचे थोरले ना तुम्ही?" टाकी भरली गेली. नाशिकच्या पंपावर मागून घेतलेला जादा फिल्टर पेपर माझ्या खिशात होता, तो मी बाहेर काढला नाही.