बी विंग गेली कुठे?

"मार्च अजून यायचाय, आणि मी तो आत्ताच बुडवला?"

रविवारी सकाळी साडेआठला काका दारात उभे. हातात मोबाइल, मोबाइलवर मी आदल्या रात्री पाठवलेली मेंटेनन्सची एक्सेल फाइल. काकांचा फक्त ऑक्टोबर बाकी होता, पण 'थकबाकी' हा शब्द एप्रिल ते मार्च बाराही पानांवर उमटला होता. मथळा बदलायला मी शिफ्ट दाबून बाराही शीट्स एकत्र निवडल्या होत्या आणि सोडायला विसरलो. अशा वेळी एका पानावर लिहिलेलं सगळ्या पानांवर जातं. तशी सूचना असते म्हणा वर, फाइलच्या नावाला चिकटून, मुंगीच्या अक्षरात 'ग्रुप'. ती कोण वाचतो?

मी काकांना चहा दिला आणि खालच्या टॅबवर राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' दाबलं. काका स्क्रीनकडे वाकले.

"ग्रुप सोडताय?"

"शीट्सचा ग्रुप, काका."

"अ‍ॅडमिनला सांगितलंत? न सांगता सोडला की लोक दुखावतात. आमचे साडू अजून बोलत नाहीत."

साडूंची हकीकत बशीभर चहा पुरली. तेवढ्यात मला सुरसुरी आली. आधीच्या खजिनदारांनी विंगवार ओळींचेही ग्रुप करून ठेवले होते, डावीकडे समासात अधिक-उणेची चिन्हं. तीही काढून टाकावीत म्हटलं. बी विंगच्या ओळी मिटलेल्या होत्या. मिटलेल्या ओळींचा ग्रुप मोडला की अधिकचं चिन्ह जातं, ओळी मात्र लपलेल्याच राहतात. 14 नंतर थेट 39. चोवीस फ्लॅट गायब.

"बी विंग गेली कुठे?" काका.

"आहे हो, दिसत नाहीये फक्त."

"म्हणजे मीपण नाही?" काकांनी बशी खाली ठेवली. चेहरा उजळला. "मग मी यादीतच नाही, तर थकबाकी कसली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तोवर सोसायटीच्या ग्रुपवर (तो मात्र कुणी सोडत नाही) सेक्रेटरींचा मेसेज: 'खजिनदारांनी एखादा क्लास लावावा', खाली जोडलेले हात. सर्वसाधारण सभेत 'खजिनदार कोण होणार?' विचारल्यावर हेच सेक्रेटरी छताचा पंखा न्याहाळत होते. बिनपगारी काम, वीज माझी, लॅपटॉप माझा, चहासुद्धा माझा. आणि क्लासही मीच लावायचा!

शेवटी 14 ते 39 हे ओळींचे आकडे निवडले, राइट क्लिक, अनहाइड. बी विंग जागेवर आली. काकांचा चेहरा तेवढा पडला.

मग त्यांनी बाराही पानं माझ्याकडून एकेक करून उघडून घेतली. मार्च दोनदा.