शपथ कुणी कुणासमोर घ्यायची?

कोल्हापूरच्या पंचगंगेत मासे मेले की आमच्या शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच, कडेनं केंदाळ, असा फोटो कुणीतरी टाकतो आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मुलांना लहानपणापासून पर्यावरण नीट शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती, विषयाला शंभर मार्क ठेवा. दुसरा म्हणतो, पोरांना कशाला मध्ये ओढता, नदी काय पोरांनी नासवली? मळीचं पाणी सोडणाऱ्यांना धरा, नाले अडवायचं काम कुणी रखडवलं ते विचारा.

मी दुसऱ्या तटाच्या जवळचा. तरीही मुलांना या भानगडीतून बाहेर ठेवणं मला पटत नाही. मुलांना नदीवर न्यायलाच हवं, पण त्यांना वळण लावायला नव्हे. ती जे पाहतील, मोजतील, लिहून ठेवतील, त्याचं उत्तर मोठ्यांना द्यावं लागलं पाहिजे. पर्यावरण शिक्षण म्हणजे एवढंच, असं माझं आता ठाम मत झालं आहे, आणि ते इथे मॉरिशसमध्ये राहून झालं आहे.

मी मूळचा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला, पंचगंगा घाट घरापासून हाकेच्या अंतरावर. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसमध्ये रंगखात्याचं काम शिकलो आणि आता इथल्या कापड कारखान्यात तेच करतो. रंगाचं पाणी वासावरून ओळखता येतं मला. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी ती जपली आहे. त्यामुळे घर सोडून आलो असं पूर्णपणे कधी वाटलं नाही.

मुलीच्या वर्गाबरोबर इल ओ एग्रेत नावाच्या बेटावर गेलो होतो, तिथली गोष्ट सांगतो. माएबूर गावाजवळच्या किनाऱ्यापासून किलोमीटरभरही नसलेलं, पोवळ्याच्या खडकाचं हे बेट 26 हेक्टरचं आहे, म्हणजे साधारण 65 एकर. आपल्याकडे एखाद्या बागायतदार भावकीचा ऊस तेवढा असेल. 1965 मध्ये ते राखीव झालं, पण त्याआधी तिथलं एबनीचं जंगल बहुतेक तोडून झालं होतं, उंदीर-मांजरं माजली होती, बाहेरची झुडपं फोफावली होती. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या लोकांनी उंदीर-मांजरं हटवली, परकी झुडपं मुळासकट उपटली, स्थानिक रोपं लावली. 1990 च्या सुमारास ज्या गुलाबी कबुतराचे जेमतेम दहा पक्षी रानात उरले होते, ते आज देशभरात शेकड्यांनी आहेत आणि या बेटावरही दिसतात.

मुलांना कबूतर दाखवलं, ते ठीकच. पण रेंजर पोरगा, माएबूरचाच, मध्येच खाली बसला आणि कासवाच्या लेंडीत काडी घालून बिया वेगळ्या करायला लागला. मुलं आधी नाकं मुरडून मागे सरली, मग एकमेकांच्या डोक्यावरून वाकून बघायला लागली. या देशाची स्वतःची मोठी कासवं होती. ती खलाशांनी खाऊन संपवली. कासव गेलं तेव्हा एबनीची फळं गिळून बिया लांब नेऊन टाकणारंही कुणी उरलं नाही. म्हणून 2000 मध्ये सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावरच्या जातीची कासवं इथे सोडली. त्यांच्या पोटातून गेलेली बी चांगली रुजते. एबनी हे आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतलं झाड. ओल्या लेंडीतली ती काळपट, चकचकीत बी रेंजरनं तळहातावर ठेवून प्रत्येकाला दाखवली.

त्यानंतर मुलांना जोडीजोडीनं जमिनीचा एकेक चौकोन दिला. त्यातली परकी रोपं उपटायची, जातवार मोजायची, लिहायची. शेवटी रेंजरनं प्रत्येक जोडीचा आकडा स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. मुलगी घरी आली ती "त्यांनी आमचा आकडा लिहून घेतला" हेच सांगत. कबूतर नंतर आठवलं तिला.

आपल्याकडे काय होतं, तेही सांगायला हवं. पर्यावरण हा विषय सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलं. माझ्या वेळी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला त्याचा प्रकल्प असायचा. प्रस्तावना, उद्दिष्टं, निष्कर्ष असे तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळायचे. आम्ही तिघं मात्र पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्यावर गेलो, बाटल्या भरल्या, ओळखीच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून आणलं. आमच्या वहीला आणि झेरॉक्सच्या वहीला सारखेच मार्क पडले आणि वर्षअखेरीला दोन्ही एकाच गठ्ठ्यातून रद्दीत गेल्या. राग मार्कांचा नव्हता. नाल्याच्या पाण्याचे ते आकडे वाचणारा माणूसच कुठे नव्हता, याचा होता. तो आजही आहे.

आकडा वाचला गेला तर काय होतं, याचं उदाहरण सेशेल्सचं आहे. तिथे 1994 पासून शाळाशाळांत वन्यजीव क्लब आहेत, शिक्षकच ते चालवतात. 2019 मध्ये सेशेल्सचे आणि ऑक्सफर्डचे तरुण अल्दाब्रावर पाच आठवडे राहिले आणि किनाऱ्यावरचा सुमारे 25 टन कचरा त्यांनी हातानं गोळा केला. अल्दाब्रा जागतिक वारसास्थळ आहे, तिथे संशोधन केंद्रातल्या मोजक्या माणसांशिवाय कुणी राहत नाही, तरी एवढा कचरा. फोटोत चपलांचे ढीग उठून दिसतात. वजन केल्यावर कळलं, 83 टक्के माल मासेमारीचा होता, जाळी, दोर, तराफ्यांचे तुकडे. चपला 7 टक्क्यांच्या आसपास. नुसतं गोळा करून जाळलं असतं तर 'लोकांना कचरा टाकायची शिस्त नाही' असं म्हणून विषय मिटला असता. वजनकाटा होता म्हणून बोट ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या जहाजांच्या ताफ्यांकडे वळलं. बेटावर अजून 500 टनांहून जास्त कचरा पडून असल्याचा अंदाजही त्यातूनच निघाला.

आता रंकाळ्यावर किंवा घाटावर होणारी स्वच्छता मोहीम डोळ्यांसमोर आणा. मुलं निर्माल्य काढतात, पिशव्या काढतात, फोटो होतो, शपथ होते. नाल्याचं तोंड त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर असतं, तिकडे त्यांना कुणी नेत नाही.

शपथेवरून पलाऊ आठवलं. प्रशांत महासागरातला हा छोटा देश 2017 पासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर एका प्रतिज्ञेचा शिक्का मारतो आणि त्याखाली सही घेतो. प्रतिज्ञा लिहायला तिथल्या मुलांनी हातभार लावला आहे आणि ती मुलांनाच उद्देशून आहे. तुमचं घर मी सांभाळीन, असं परका मोठा माणूस मुलांना लिहून देतो. आपल्याकडे मुलं हात पुढे करून शपथ घेतात आणि व्यासपीठावरची मोठी माणसं ती ऐकतात. मला हे उलटं झालेलं बघायचं आहे. कारखान्याच्या चेअरमननी, पालिकेच्या अधिकाऱ्यांनी, आमच्यासारख्या रंगखात्यातल्या माणसांनी घाटावर यावं आणि मुलांसमोर सही करावी, अमुक तारखेपर्यंत अमुक नाला अडवला जाईल म्हणून. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज नववी-दहावीत असतील. त्यांना एवढं मागायचा हक्क नक्कीच आहे.

बेटांवर सगळं आलबेल आहे, असं मात्र नाही. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं जहाज इथल्या प्रवाळावर चढलं, इल ओ एग्रेतपासून जवळच. 6 ऑगस्टपासून तेल गळायला लागलं, सुमारे हजार टन. तेव्हा सगळा किनारा कामाला लागला. कॉलेजची पोरं, कोळी, घरच्या बायका पोत्यांत उसाचं पाचट भरत होत्या, त्याला बाटल्या बांधत होत्या आणि ते लांबच लांब तरंगते बांध तेलाच्या वाटेत सोडत होत्या. आपण जे पाचट शेतात पेटवून देतो, त्यावर या लोकांनी समुद्र तोलला. त्या आठवड्यात मला या देशाचा फार अभिमान वाटला. पण जहाज लागल्यापासून तेल गळेपर्यंतचे ते बारा दिवस पोरांच्या हातात नव्हते. माणसांच्या उत्साहाला मर्यादा असते आणि ती सरकारच्या दारापाशी येते.

दुसरी गोष्ट वटवाघळांची. इथलं फळं खाणारं मोठं वटवाघूळ मस्करीन बेटांखेरीज, म्हणजे मॉरिशस आणि आसपासच्या बेटांखेरीज, जगात कुठेच सापडत नाही. ते लिची आणि आंबे खातं म्हणून बागायतदार चिडले आणि 2015 पासून सरकारनं हजारोंच्या संख्येनं ती मारली. 2018 मध्ये या जातीला संकटग्रस्त ठरवावं लागलं. शाळेत वटवाघूळ बिया पसरवतं म्हणून शिकलेल्या मुलाच्या घरी परसात लिचीचं झाड असतं. बाप काय म्हणतो आणि बाई काय म्हणतात, यात ते मूल अडकतं. यावर खरा उतारा धड्यात नाही, झाडावर टाकायच्या जाळीत आहे, आणि त्या जाळीला सरकारी अनुदान मिळतं. जिथे जाळी वेळेवर पोचते तिथे बापाचा आवाज खाली येतो.

हे वाचून भुदरगडचा माझा मित्र लगेच गव्यावर येईल. त्याच्या उसात गवा शिरतो. "शाळेत पोरगं गव्याचं चित्र काढून बक्षीस घेऊन आलं, आनि रात्री मी डबा वाजवत बांधावर," असं तो एकदा फोनवर म्हणाला. राधानगरीचं जंगल 1958 पासून अभयारण्य आहे, 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनक्षेत्राचा सहावा सरकारी मसुदा 31 जुलै 2024 ला निघाला, तेव्हा राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीत पुन्हा धास्ती पसरली. त्या गावांतल्या तरुणांना जंगलाची आवड लावायला शहरातून व्याख्याते पाठवायची गरज नाही, त्यांना पायवाटा पाठ आहेत. त्यांना पगाराचं काम द्या: गवे कुठून उतरतात त्याची नोंद, देवरायांतल्या झाडांची मोजणी, नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा म्हणून पाठपुरावा. भरपाई हंगामाच्या आत मिळाली तर गव्याबद्दलचं बोलणं आपोआप बदलेल.

शहरासाठी माझ्या मनात एक नेमकी गोष्ट आहे आणि ती शाळांवर सोपवू नये, शिक्षकांच्या डोक्यावर आधीच बरंच काही आहे. कोल्हापूरकडे तालमी आणि तरुण मंडळं आहेत, जी या बेटांकडे नाहीत. गणपतीचं मूर्तिदान आणि नदीऐवजी इराणी खणीतलं विसर्जन आपल्या शहरात रुजलं ते या पोरांनी रात्र-रात्र उभं राहून दाखवलं म्हणून. प्रत्येक तालमीनं एका नाल्याचं एक तोंड घ्यावं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, हातमोजे आणि गमबूट घालून, मोठं माणूस बरोबर ठेवून चार गोष्टी लिहाव्यात. पाण्याचं तापमान, कारण रंगखात्यातून थेट सोडलेलं पाणी गरम असतं. पीएच, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कली, कागदी पट्टीनं. दोरीला बांधलेली पांढरी थाळी किती खोलवर दिसते ते. आणि विरघळलेला ऑक्सिजन, त्याचं साधं किट मिळतं; मासे मरतात ते बहुतेकदा तो संपल्यानं, कारण मळीसारखी घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते. नववीतलं मूल हे सगळं तासाभरात शिकतं.

आकडे मोबाईलमध्ये ठेवू नका. घाटाच्या पायऱ्यांवर फळा लावा, खडूनं लिहा, तारखेसह. शेजारी दुसरा रकाना ठेवा, त्यात पालिकेनं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं काय केलं ते लिहायचं. काही केलं नसेल तर तो रकाना रिकामा राहील आणि येणारा-जाणारा तो वाचेल.

ग्रुपवर दोन्ही तटांना मी हेच कळवलं आहे. पहिल्या वर्षाच्या किटचा, गमबुटांचा आणि फळ्याचा खर्च आमच्या वर्गानं उचलावा, माझा वाटा मी पाठवतो. सुरुवात शुक्रवार पेठेतल्या एखाद्या तालमीपासून करता येईल. कोणती, ते गावात राहणाऱ्यांनी ठरवावं आणि पाऊस ओसरायच्या आत पहिला आकडा घ्यावा, कारण ऊस गाळपाला लागला की नदीचं पाणी बदलतं आणि त्याआधीची नोंद हाताशी हवी.