मॅडम, तुम्ही कलर बघा

परवा रविवारी फरशीच्या दुकानात माझा जो पोपट झाला तो अजून घशाखाली उतरत नाहीये, म्हणून लिहून टाकतेय.

निमित्त साधंच. ओट्याखालून जिथून सिलिंडर बाहेर ओढतो तिथली मोझॅकची फरशी तडकलीय. आधी नुसती रेघ होती, मग फट झाली, आता त्या फटीत मोहरी, साबुदाणा आणि माझ्या कानातल्याची एक फिरकी कायमची राहायला गेलीय. म्हटलं अख्खी फरशीच बदलू, आठ बाय दहाचं तर स्वयंपाकघर. अटी चारच: खिसा फाटू नये, बत्ता पडला तर फुटू नये, हळद धरू नये आणि ओल्या पायाला घसरू नये. सासूबाईंचं मत फोनवरून आलं, "शहाबादीच घाला, आमची चाळीस वर्षं टिकली." टिकली हे खरं, पण तिच्यावर लिंबू सांडलं की कायमचा पांढरट डाग, हेही मीच पाहिलंय. चुनखडीचाच दगड तो, आंबट लागलं की खातंच. कोटा फरशीचंही तेच.

तर दुकान. एसी, काचेचं दार, आणि टाय लावलेला सेल्समन. त्याने नवऱ्याशी हात मिळवला, "सर, बजेट काय?" आणि माझ्या हातात एक जाडजूड कॅटलॉग कोंबला. "मॅडम, तुम्ही कलर बघा."

मी कलर बघू! ज्या माणसाला आपल्या घरात पोछा कुठे वाळत घालतात हे माहीत नाही, त्याला हा डबल चार्ज आणि व्हिट्रिफाइड समजावतोय, आणि तो पण ब्लड रिपोर्ट ऐकावा तशी मान हलवतोय. मी विचारलं, "ओल्या पायाला घसरते का हो ही?" तर हा नवऱ्याकडे बघून म्हणतो, "नाही सर." मी रात्री जागून वाचून गेले होते, की जर्मनीत तेल ओतलेल्या उतारावर खरंच माणूस चालवतात आणि तो घसरेपर्यंत उतार वाढवत नेतात, त्यावरून फरशीला आर-नाइन, आर-टेन असे नंबर मिळतात. म्हटलं, आर-टेन आहे का? "ते मॉडेल बंद झालं मॅडम."

मग त्याने एक पांढरीशुभ्र, करड्या शिरांची लादी काढली. "स्टॅच्युअरिओ, सर. इटालियन." खालच्या खोक्यावर ठळक अक्षरांत मोरबी, गुजरात लिहिलं होतं.

"ग्लॉसी घेऊ नका," मागून आवाज आला.

सोफ्यावर एक काका बसले होते. स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं मालकाचे वडील. तर नाही, गिऱ्हाईक! दिवाळीपासून येतायत, अजून एक लादी घेतलेली नाही, पण पोऱ्या त्यांना न विचारता बिनसाखरेचा चहा आणून देत होता. काका उठले, पिशवीतून पाच रुपयांचं जुनं जाड नाणं काढलं आणि एका लादीवर वाजवलं. टण्ण. दुसरीवर, ठप्प. "ही सिरॅमिक. भिंतीला लावा, खाली नको." मग ड्रॉपर काढला, दोन्ही लाद्या उलट्या करून मागच्या बाजूला एकेक थेंब टाकला. एका लादीने थेंब बघता बघता पिऊन टाकला, दुसरीवर तो तसाच उभा. सेल्समन हताशपणे बघत होता, त्याला हे पाठ असावं. मग निघाली एक डबी, तिच्यात हळद कालवलेलं तेल. काकांनी खडबडीत लादीवर ते चोळलं, रुमालाने पुसलं, आणि बारीक खड्ड्यांत उरलेला पिवळा रंग मला दाखवला. "दिसतंय ना? गुळगुळीत घ्याल तर पडाल, खडबडीत घ्याल तर घासत बसाल." हे इतकं खरं होतं की मला तिथेच भरून आलं.

"चप्पल काढा," काका म्हणाले. त्या स्टॅच्युअरिओवर पाणी शिंपडलं, मला उभं केलं. "आता समजा फोडणी करपतेय. पटकन वळा!"

का वळले मी? माहीत नाही. फोडणी करपतेय म्हटल्यावर अंग आपोआप वळतं. वळले, पाय सटकला, आणि मी शेजारच्या सॅम्पलच्या स्टँडला मिठी मारली, सहा लाद्या दातांसारख्या वाजल्या. अख्खं दुकान बघतंय. आणि तो टायवाला काय म्हणाला? "सर, मॅडमना सांभाळा."

काकांनी मात्र पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला, "घरी रोज पुसतं कोण?" मी म्हटलं, मी. वाटलं, आता हा माणूस माझी बाजू घेणार. तर नवऱ्याकडे वळून, "बाई का नाही लावत हो?"

शेवटी मीच मॅट फिनिशची, ठिपक्यांची, ढगाळ करडी लादी काढली, दोन बाय दोन, बावन्न रुपये स्क्वेअर फूट. तुटफूट धरून सहा बॉक्स, पाच हजार. मी खूश होतेय तोवर बाकीचं आलं: जुनी फोडायची, राडारोडा चार मजले उतरवायचा, वाळू-सिमेंट, गवंडी, आणि सांधे काळे पडू नयेत म्हणून इपॉक्सी. लादीच्या तिप्पट. जुन्यावरच नवी चिकटवली तर फोडणं वाचतं, पण मग जमीन वर येते आणि गॅलरीचं दार खालून तासावं लागतं. हे सगळंही सरांनाच सांगण्यात आलं.

कोटेशनसाठी नंबर मी माझा दिला होता. आज सकाळी मी त्या तडकलेल्या फरशीवर उभी राहून पोळ्या करत होते तेव्हा मोबाईल वाजला. नवऱ्याने हॉलमधल्या सोफ्यावरून मेसेज फॉरवर्ड केला होता. "गुड मॉर्निंग सर. मॅडमनी कलर फायनल केला का?"