गाडी निघालीये, तुम्ही फोन ठेवू नका

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "फायर ब्रिगेडला फोन लावला की आधी दहा प्रश्न विचारत बसतात, तोवर घर जळून खाक होतं." खाली पंधरा-वीस जणांचे अंगठे. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतोय.

मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात एकतीस वर्षं नोकरी केली. शेवटची नऊ वर्षं कंट्रोल रूम माझ्याकडे होती. १०१ फिरवल्यावर जिथे फोन वाजतो, ती खोली.

आधी प्रश्नांचं सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बातमीला वर्दी म्हणतात. कुठे आणि काय पेटलंय, एवढं कळलं की केंद्रावर घंटा जाते. ऑपरेटर तुमच्याशी बोलत असतो तेव्हाच शेजारचा गाडी काढायला सांगत असतो. दिवसा गाडी साधारण मिनिटाभरात फाटकाबाहेर पडते. म्हणजे "कितवा मजला?" हा प्रश्न तुमच्या कानावर पडतो तेव्हा जवान बूट चढवून गाडीत बसलेले असतात. पुढची उत्तरं त्यांच्यासाठी हवी असतात. आत कोणी अडकलंय का? सिलिंडर किती? गल्लीत मोठी गाडी वळेल का? हे सगळं वायरलेसवरून गाडीतल्या अधिकाऱ्याला सांगितलं जातं आणि श्वसनयंत्र कोणी लावायचं, आणखी बंब मागवायचे का, हे तो वाटेतच ठरवतो. आग दहाव्या मजल्यावर असेल तर उंच शिडीची गाडी लांबच्या केंद्रावरून यायची असते. ती पहिल्या मिनिटाला निघते की आठव्या, हे तुमच्या एका उत्तरावर अवलंबून असतं. त्याच वेळी वीज तोडायला महावितरणला फोन जातो, १०८ ला जातो, पोलिसांना जातो.

आमचं चुकतं ते एका ठिकाणी. हे आम्ही फोन करणाऱ्याला सांगत नाही. तो बिचारा समजतो की साहेब फॉर्म भरतायत. म्हणून माझ्या प्रत्येक माणसाकडून मी एक वाक्य घोटून घेतलं होतं. "गाडी निघालीये, तुम्ही फोन ठेवू नका." ते कानावर पडलं की ओरडणारा माणूस बोलायला लागतो. शेकडो वेळा ऐकलंय मी हे.

खरा घोळ असतो पत्त्याचा. आपल्या कुठल्याही शहरात शिवाजी चौक किती, गणेशनगर किती, साईमंदिरं किती! नव्या टॉवरवाल्यांना बिल्डिंगचं नाव माहीत असतं, रस्त्याचं नसतं. भाड्याने राहणाऱ्या पोरांना तर काहीच सांगता येत नाही. आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या दाराचा नंबर आठवत नाही, हे अगदी खरं आहे. एकदा रात्री अडीचला एका बाईचा फोन आला. "पाटील चाळ, लवकर या, पोरं आत आहेत." आमच्या हद्दीत पाटील चाळी पाच. ऑपरेटर नवा होता, "कुठली पाटील चाळ?" असं तीन वेळा विचारून तोही घाबरला. शेजारी एक जुना तांडेल, म्हणजे जवानांचा म्होरक्या, बसला होता, त्याने रिसीव्हर घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, रेशन कुठल्या दुकानातून आणता?" तिने फटकन दुकानदाराचं नाव सांगितलं. "आणि पोरं कुठल्या शाळेत?" तेही सांगितलं. आमच्या भिंतीवरच्या नकाशावर त्याचं बोट नाल्यापलीकडच्या चाळीवर टेकलं तेव्हा फोन येऊन चाळीस सेकंदही झाले नव्हते. मुलं वाचली. त्या तांडेलचं नाव कुठल्याही बातमीत आलं नाही.

मोबाइलचा आणखी एक त्रास. दोन महापालिकांच्या शिवेवर राहणाऱ्याचा १०१ कधी कधी पलीकडच्या शहरात वाजतो, कारण फोनने टॉवर तिकडचा पकडलेला असतो. अशा वेळी "ते आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून फोन ठेवणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे. वर्दी लिहून घ्यायची, आपणच पलीकडे कळवायची, आणि त्यांची गाडी सुटल्याचं कानाने ऐकल्याशिवाय हातातला रिसीव्हर खाली ठेवायचा नाही.

एक लक्ष्मीपूजनाची रात्र मी विसरू शकत नाही. रॉकेटच्या आगी सुरूच होत्या, त्यात साडेनऊला भंगाराचं एक मोठं गोदाम पेटलं. त्याच्या ज्वाळा अर्ध्या शहराला दिसत होत्या. फोन थांबेनात. पंधरा मिनिटांत साठेक फोन, सगळे त्याच आगीचे. अशा वेळी ऑपरेटरच्या तोंडात एक वाक्य बसतं, "वर्दी मिळालीये, गाड्या गेल्यात," आणि फोन खाली. त्यात एका म्हाताऱ्या आजोबांचा फोन आला. "इथे खूप धूर आहे हो." पत्ता गोदामापासून दोन गल्ल्यांवरचा. माझी ऑपरेटर तेच वाक्य बोलायला लागली आणि मधेच थांबली. तिने विचारलं, "आजोबा, धूर घराच्या आत आहे की बाहेर?" ते म्हणाले, "देवघरातून येतोय." दिव्याने पडदा पेटला होता, आणि आजी पलंगावरून उठू न शकणाऱ्या. गोदामावरच्या ताफ्यातली एक गाडी आम्ही तिकडे वळवली. दोघं वाचले. साठ फोन एका आगीचे असले तरी एकसष्टावा वेगळ्या आगीचा असू शकतो. नकाशा कितीही चांगला असो, सॉफ्टवेअर कितीही महाग असो, तो एक प्रश्न माणसालाच सुचावा लागतो.

आणि अशा खोलीत आपण कोणाला बसवतो? पाठ दुखावलेला, ऑपरेशन झालेला, निवृत्तीला सहा महिने उरलेला, किंवा साहेबाच्या मर्जीतून उतरलेला. "लाइट ड्यूटी" म्हणतात त्याला. मी स्वतः तिथे गेलो तेव्हा सहकाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं होतं! पहिल्या आठवड्यात बघतो तर तीन खुर्च्यांपैकी एक मोडलेली, आणि रात्रपाळीला दोनच माणसं. एक जेवायला गेला की दुसरा एकटा. खुर्ची बदलायला मला चार महिने लागले. तिसरा माणूस मिळायला दोन वर्षं. वर बसलेल्यांना गाडी दिसते, शिडी दिसते, तिचं लोकार्पण करता येतं, फोटो निघतो. फोन उचलणाऱ्याचा फोटो कोण काढणार?

हे किती महागात पडतं याचे दाखले जगात आहेत. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच बायका मेल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत तो ताटकळत राहिला. त्याने वर्तमानपत्राला संतापून पत्र लिहिलं, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा नंबर सुरू झाला. त्याच लंडनमध्ये २०१७ साली ग्रेनफेल टॉवर पेटला, ७२ माणसं गेली. इमारतीतून फोन करणाऱ्यांना नियमाप्रमाणे "घरातच थांबा" असं सांगितलं जात होतं आणि तो सल्ला बदलायला जवळजवळ दोन तास गेले. चौकशीत कंट्रोल रूमवरही ताशेरे आले. त्या रात्री फोनवर असलेल्यांना मी दोष देत नाही. आग बाहेरून वर चढतेय हे डोळ्यांनी दिसत नसताना, आणि घटनास्थळावरून धड काही कळत नसताना, त्यांनी शिकवलेलं तेच सांगितलं. पण नियम कधी मोडायचा आणि तो मोडायचा अधिकार कोणाला, हे त्या खुर्चीला आधीच माहीत असायला हवं. आपल्याकडे तर आता पंचवीस-तीस मजले सर्रास झालेत.

माझं मागणं साधं आहे. कंट्रोल रूमसाठी वेगळी भरती करा, वेगळं प्रशिक्षण द्या, वेगळी बढती ठेवा. रात्रपाळीला तीनपेक्षा कमी माणसं नकोत. आणि गाडी परत आली की अधिकाऱ्याने ऑपरेटरला दोन वाक्यांत सांगावं काय झालं ते. हे मी माझ्याकडे सुरू केलं होतं. नाहीतर काय होतं, किंकाळी ऐकायची, फोन तुटायचा, आणि ती बाई जगली की नाही हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शोधायचं. असं वर्षानुवर्षं केलं की माणूस आतून कोरडा होतो.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात आम्ही शाळांत जाऊन मुलांना फायर एक्स्टिंग्विशर चालवून दाखवतो. मुलं टाळ्या वाजवतात. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला तो जड सिलिंडर झेपत नाही. फोन झेपतो. मग फोनवर काय बोलायचं ते का शिकवत नाही? शेवटची तीन वर्षं मी शाळांत खेळण्यातला फोन घेऊन जायचो. मुलाने फोन करायचा, मी ऑपरेटर. आधी ठिकाण, मग काय झालंय, मग आत कोण आहे. आणि समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

घरी फ्रिजवर मी कागद चिकटवलाय. बिल्डिंगचं नाव, रस्ता, जवळची खूण, मजला. रविवारी नातीची परीक्षा घेतली, ती आठ वर्षांची आहे. पत्ता घडाघडा म्हणाली. मी विचारलं, "पत्ता विसरलीस तर?" ती खिडकीशी गेली. "मग सांगेन, समोर निळी पाण्याची टाकी आहे, खाली इस्त्रीवाल्या काकांची गाडी आहे, आणि उजवीकडे माझी शाळा दिसते."

त्या तांडेलला फोन करून हे सांगितलं.