मुलांवर संस्कार करायचेत? भिंतीवर तक्ता लावा!

परवा लेकीच्या शाळेत पालकसभा होती. दुसरीत आहे ती. प्रगतिपुस्तकात यंदा एक नवीन पान आलंय, 'व्यक्तिमत्त्व विकास' असं झोकदार नाव आहे त्याचं. नीटनेटकेपणा अ, सहकार्य अ, वक्तशीरपणा अ, जबाबदारी ब, प्रामाणिकपणा ब. ब! म्हणजे माझी सात वर्षांची मुलगी किंचित अप्रामाणिक आहे, अगदीच लबाड नाही, पण लक्ष ठेवायला हवं. मी विचारलं, मॅडम हे कशावरून? त्यांनी काही न बोलता भिंतीकडे बोट केलं. तिथे तक्ता. डावीकडे नावं, पुढे सोनेरी चांदण्या, आणि आमच्या लेकीच्या नावापुढे दोन जागी स्टिकर खरवडून काढल्याच्या पांढऱ्या खुणा.

तर तेव्हापासून मला या विषयात भलतीच गोडी लागलीये, आणि ज्यांच्या हाती वर्ग आहे किंवा पदरात मूल आहे अशा सगळ्यांसाठी या काही सूचना. फुकट आहेत, घ्या.

सर्वात आधी, संस्कारांसाठी आठवड्यातला एक तास ठरवून टाका. शक्यतो शेवटच्या दिवशीचा शेवटचा, म्हणजे स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस आली की तोच रद्द करता येतो. बाकी सगळा आठवडा मूल्यांना सुट्टी.

दोन मुलांचं भांडण झालं की कशावरून झालं वगैरे विचारत बसू नका, वेळ जातो. दोघांना समोरासमोर उभं करा आणि म्हणा, "सॉरी म्हण. मोठ्याने. असं नाही, मनापासून!" मनापासून म्हणजे किती मोठ्याने हे मुलाला दोन-तीन प्रयत्नांत कळतं. मग शेकहॅंड करायला लावा. झाला प्रश्न मिटला, उरलेला मधल्या सुट्टीत मिटवतील ते जिन्याखाली.

अबोल मुलाच्या वहीत 'मिसळत नाही' एवढं लिहा. पुरे.

एकाने गोंधळ केला की सगळ्या वर्गाला शिक्षा करा, एकी वाढते.

आणि मॉनिटर नेमायला विसरू नका बरं का! ही तर आपल्या सगळ्यांची लाडकी प्रथा. मॅडम ऑफिसात गेल्या की एकाच्या हातात खडू द्यायचा आणि सांगायचं, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. आठ वर्षांच्या पोराला एका खडूत सत्ता, हेरगिरी आणि वशिला असं तीन विषयांचं शिक्षण मिळतं. आमच्या वेळी एक रबर दिलं की नाव पुसलं जायचं, आता रेट काय आहे लेकीला विचारायला हवं.

आता मुख्य सूचना, तक्ता. याला पर्याय नाही. चांगलं वागलं की चांदणी, वाईट वागलं की चांदणी काढायची, आणि काढताना सगळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर उपयोग काय. आमच्याकडे काय झालं ते सांगते म्हणजे पद्धत लक्षात येईल. चित्रकलेचा तास. शेजारच्या मुलाचा ब्रश खाली पडला, तो द्यायला आमची लेक वाकली, आणि उठताना हिचं कोपर रंगाच्या पाण्याच्या मगाला लागलं. ते गढूळ निळं पाणी सरळ सगळ्या वर्गाने मिळून केलेल्या भित्तिपत्रकावर. मॅडम आल्या. "कोणी केलं हे?" वर्ग चिडीचूप. मागे दोघं तर ढकलाढकली करत होते, ते पण एकदम हाताची घडी. आणि या आमच्या शहाण्या मुलीने हात वर केला. दोन चांदण्या गेल्या, बेजबाबदारपणाबद्दल. आणि बाकीच्यांना 'शिस्तीत बसल्याबद्दल' एकेक मिळाली! ढकलाढकलीवाल्यांना सुद्धा! आणि जबाबदारी आणि प्रामाणिकपणा हे दोन्ही कॉलम एकाच तक्त्यावरून भरतात म्हणे, "एकूण स्टारवरून काढतो आम्ही", म्हणून दोन्हीकडे ब. म्हणजे खरं बोलल्यामुळे प्रामाणिकपणा कमी झाला. हे गणित मला मॅडमनी दोनदा समजावून सांगितलं, मला दोन्ही वेळा कळलं नाही, दोष माझाच.

पियाजे नावाचे एक स्विस मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३२ साली एक अभ्यास छापला, त्यात ते मुलांना दोन गोष्टी सांगायचे. एक मुलगा बोलावलं म्हणून खोलीत यायला दार ढकलतो, दारामागे ट्रे असतो, त्याला माहीत नसतं, पंधरा कप फुटतात. दुसरा आई घरी नसताना गुपचूप जॅम काढायला वर चढतो आणि त्याच्याकडून एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणतात पंधरावाला, कारण पंधरा जास्त. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना कळायला लागतं की कप मोजायचे नसतात, मनात काय होतं ते बघायचं. मॅडमचं वय मी विचारलं नाही.

चांदण्यांचं म्हणाल तर त्यावरही प्रयोग झालाय, १९७३ साली. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली की ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढ, तुला सोनेरी स्टार आणि रिबिनीवालं सर्टिफिकेट मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळायच्या वेळात पेनं नुसती ठेवून दिली, तर बक्षीस ठरवून घेतलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. आवडीने करत होती ते काम झालं. आता चित्राच्या जागी मदत करणं टाका, खरं बोलणं टाका. आमची लेक गेल्या वर्षीपर्यंत कोणाची पेन्सिल पडली की उचलून द्यायची. आता देते आणि मान वळवून बघते, मॅडमनी पाहिलं का.

बाकी शिक्षेचा धाक असला की मुलं खरं बोलतात हे तर आपल्याला माहीतच आहे. फक्त पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात जिथे कडक शिक्षा व्हायच्या तिथलीच मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते निभावून नेण्यातही तीच पटाईत निघाली. जाऊ द्या, ते लांबचं झालं.

ग्रेडच द्यायची असेल तर बिनधास्त द्या. अमेरिकेत १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोघांनी जवळपास ११ हजार मुलांना परीक्षेत, खेळात, घरी लबाडी करायची संधी देऊन पाहिलं. तेच मूल एकीकडे फसवतं आणि दुसरीकडे अजिबात नाही, आणि चांगलं काय वाईट काय याची उत्तरं कोण किती बरोबर देतं याचा वागण्याशी फारसा मेळ नाही. वर्षानुवर्षं खपून त्यांना ११ हजारांत जे पक्कं सांगता आलं नाही ते तुम्ही एका अक्षरात सांगता, कौतुक आहे.

गटकार्य घरी द्या. पालकांमध्ये सहकार्य वाढतं.

पालकांसाठी पण एक सूचना आहे. सभेतून बाहेर पडल्या पडल्या ग्रुपवर विचारा, "तुमच्याकडे किती स्टार?" मला जिने उतरेपर्यंत तीन मेसेज आले होते.

आणि मी काय केलं? मी पण काही वेगळी नाही निघाले. घरी येताना पोरगी गप्प होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग हात कशाला वर करायचा? बाकीचे बसले होते ना गप्प?" माझ्या. तोंडून. तिने नुसतं वर बघितलं. काल घरात स्वयंपाकघरात पाणी सांडलेलं होतं, मी विचारलं कोणी सांडलं, तर डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "मला नाही माहीत." बाही कोपरापर्यंत ओली. घरात तेव्हा आम्ही दोघीच होतो!

बास झाला आता उपरोध. मॅडम, तुमच्या वर्गात खूप मुलं आहेत, एकट्या आहात, वरून तक्ते भरायचे कागद येतात, सगळं मान्य. पण सात वर्षांचं मूल तीस जणांच्या शांततेत एकटं हात वर करतं ना, तेव्हा तुमच्या त्या शेवटच्या दिवशीच्या तासाची वर्षभराची शिकवणी तुमच्यासमोर उभी असते, आणि तुम्ही काय केलंत, तर नखाने स्टिकर खरवडलं! एक फडकं द्यायचं होतं तिच्या हातात. "बरं झालं सांगितलंस, चल आपण दोघी पुसू." एवढं. पाणी पुसलं गेलं असतं, मागच्या त्या दोघांनी पण बघितलं असतं की खरं बोलणाऱ्याचं काय होतं. त्यांनी बघितलंच म्हणा, ते दुसरंच बघितलं.

आणि चांदण्या परत लावू नका आता, आम्हाला नकोत. तो तक्ताच काढा भिंतीवरून. आणि तिला जवळ बोलावून, वर्गासमोर नको, एकदा सांगा की तू त्या दिवशी बरोबर केलंस. मी सांगून पाहिलं. माझ्यावर तिचा विश्वास बसत नाहीये, घरी येताना मी काय बोलले ते तिने ऐकलंय.