हँडओव्हर

आमच्या नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षापासून एक गोष्ट अंगात भिनवतात: हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवणं, झाल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. पुढची सिस्टर आली नाही, तर डबल ड्युटी करायची. सत्तावीस वर्षं मीही तेच करतेय. म्हणूनच विव्हियन बुलविंकेल मला इतकी जवळची वाटते.

ही ऑस्ट्रेलियन सैन्यातली नर्स. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडायला आलं, तेव्हा ६५ नर्सना 'वायनर ब्रुक' जहाजातून बाहेर काढलं. १४ तारखेला जपानी विमानांनी ते बुडवलं. सुमात्राजवळच्या बांका बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्यांमध्ये २२ नर्स होत्या. शरण जायचं ठरलं. बायकामुलं मुंटोक गावाकडे निघाली, त्यांच्यासोबत या नर्सनाही जाता आलं असतं. पण वाळूत जखमी पडले होते. त्यांना कोणाच्या हवाली करणार? त्या थांबल्या.

१६ तारखेला जपानी सैनिक आले. आधी पुरुषांना मारलं. मग नर्सना समुद्रात चालत जायला लावलं आणि पाठीमागून मशीनगन चालवली. २१ जणी गेल्या. विव्हियनला कमरेजवळ गोळी लागली, ती मेल्यासारखी पाण्यात तरंगत राहिली.

पुढचं वाचताना मात्र मला पुस्तक मिटून बसावं लागलं. जंगलात तिला किन्सली नावाचा जखमी इंग्रज सैनिक भेटला. स्वतःला गोळी लागलेली असताना बारा दिवस तिने त्याची शुश्रूषा केली! मग दोघं शरण गेले. किन्सली थोड्याच दिवसांत गेला.

शरण जाताना युनिफॉर्मवरचं गोळीचं भोक कोणाला दिसू नये म्हणून तिने त्यावर पाण्याची बाटली लटकवली होती. ही हत्याकांडाची साक्षीदार आहे हे कळलं असतं, तर जपान्यांनी तिला जिवंत ठेवलं नसतं. कैद्यांच्या छावणीतल्या बाकीच्या नर्सना सगळं माहीत होतं. साडेतीन वर्षं एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. उपासमार आणि आजारपणात त्यांतल्या आठ जणी गेल्या, तरीही नाही. ६५ पैकी २४ जणी घरी परतल्या.

दरवर्षी परिचारिका दिनाला आम्हाला गुलाब देतात, 'देवदूत' म्हणतात. मला तो शब्द कधीच आवडला नाही. देवदूताला गोळी लागत नाही आणि भोक झाकायला बाटलीही लागत नाही.

१९४६ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणासमोर उभं राहून विव्हियनने सगळं सांगितलं. नंतर मेलबर्नच्या संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलात मेट्रन झाली. तो युनिफॉर्म आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. भोकासकट.